आपट्याची पिवळी पानं

रांगोळीची पांढरी किनार जिथल्या तिथे होती, चारी कोपऱ्यांतले लाल ठिपकेही जागेवर होते. मधली आपट्याची पानं तेवढी नव्हती. जेवणाचा डबा हातात तसाच धरून सहदेव चाळणीच्या मशीनपाशी उभा राहिला. परवा खंडेनवमीला त्याने तिथे पिवळ्याधमक पानांची भरगच्च फांदी काढली होती. मध्ये दसऱ्याची सुट्टी गेली, आणि आज कारखाना उघडला तर फांदीच्या जागी कुणीतरी हलक्या हाताने झाडलेली कोरी फरशी होती.

वारा शिरला असता तर सगळीच रांगोळी विस्कटली असती. उंदीर फिरला असता तर पावलं उमटली असती. इथे कुणीतरी पांढऱ्याला धक्का न लावता नेमकं पिवळं तेवढं उचलून नेलं होतं. या गाळ्यात फरशीवरून इतक्या जपून उचलली जाणारी वस्तू एकच होती: ब्राँझची भुकटी.

मुलुंडच्या त्या औद्योगिक वसाहतीत गाळे पुष्कळ होते, पण ब्राँझच्या भुकटीचं काम या एकाच गाळ्यात चालायचं. भुकटी साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची, की ट्रकच्या सेल्फ-स्टार्टरमध्ये बसणारे, ज्यांच्यात मोटरचा दांडा फिरतो ते बुश तयार. सांगायला सोपं, पण भुकटीचा नखरा मोठा. तिला ओल खपत नाही, तेलाचा हात खपत नाही, आणि दुसऱ्या कसल्या कणाशी तर तिचा उभा दावा. म्हणून ती आधी चाळायची, मग चुंबकावरून सोडायची म्हणजे लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटून राहतो, आणि मगच पुढे द्यायची. “भुकटीत खडा गेला तर तो बुश खातो, मग मोटरचा दांडा खातो, आणि शेवटी तुमची-माझी नोकरी खातो,” असं सुपरवायझर जयवंत साटम येताजाता बजावत. आदल्या वर्षी असा एक माल परत आला होता. घाटात ट्रक बंद पडले होते म्हणे. त्यानंतर चाळणखात्यातली दोन्ही माणसं घरी गेली, आणि त्यांच्या जागी सहदेव आणि काशीराम आले.

काशीराम मशीनच्या मागून हात पुसत आला. सहदेवपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, संगमेश्वराकडचा, स्वभावाने गरीब. कारखाना उघडायला तो सगळ्यांच्या आधी यायचा. सांडलेला माल मऊ कुंच्याने सुपडीत गोळा करायचा, पुन्हा चाळायचा, चुंबकावरून सोडायचा आणि पिपात घालायचा, हा त्याचा रोजचा नेम. तांब्याच्या भावाची वस्तू, वाया कशी घालवायची?

“काय बघतोस? साफ केलं मी,” तो म्हणाला. “पूजेच्या गडबडीत केवढा माल सांडून ठेवलेलात रे तुम्ही लोकांनी.”

“कुठे टाकलास?” सहदेवने विचारलं.

“कुठे म्हणजे? चाळला, चुंबकावरून सोडला, पिपात घातला. पीप फिरवूनसुद्धा ठेवलंय. आज प्रेसला द्यायचं ना.”

पीप फिरवलं होतं. म्हणजे वरचा थर काढून टाकायचीही सोय राहिली नव्हती. साखरेत मीठ मिसळावं तशी रांगोळी सगळ्या मालात मिसळून बसली होती.

 पण त्याहून वाईट गोष्ट सहदेवच्या मागाहून ध्यानात आली. परवा पूजेला काशीराम तिथेच उभा होता. सगळ्यांनी वाहवा केली तेव्हा तोही मान डोलावून “झकास, सहदेव, झकास” म्हणाला होता. त्या माणसाला पानं दिसलीच नव्हती. त्याच्या लेखी तिथे एक पिवळा धब्बा होता. गणपतीपासून हा चहा कपाच्या बाहेर ओततो, काट्यावरचा आकडा वाचायचा तर चष्मा विसरलो म्हणतो, हे सहदेवने पाहिलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालले होते, आणि काशीराम ते पोटात ठेवून रोज भुकटी निवडत होता.

आता खरं सांगायचं तर सहदेवचे हातही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. तो लालबागच्या गिरणीतला विणकर. तिथे खंडेनवमीला त्याच्या खात्यातली रांगोळी बघायला दुसऱ्या खात्यांतली माणसं रांग लावायची. मग संप झाला, गिरणी बसली, आणि सहदेवने उदबत्त्या विकल्या, चारकोपला एका इमारतीवर रखवालदारी केली; रांगोळीच्या डब्याला मात्र हात लावला नाही. यंदा कुणी न सांगता त्याने तो माळ्यावरून काढला. साटम म्हणाले होते, रांगोळी दाराबाहेर पायरीवर काढा, आत भुकटीपाशी नको. सहदेव हट्टाला पेटला. देव आत आणि रांगोळी बाहेर, असं कुठे असतं, म्हणाला. वर पिवळा रंग कालवून कालवून त्याने थेट ब्राँझच्या जवळ नेला. दसऱ्याचं सोनं, ते कारखान्याच्या सोन्यासारखंच दिसलं पाहिजे, ही हौस. शेठ नारळ फोडायला वाकले आणि दचकून म्हणाले, अरे, माल खाली का सांडला? सगळे हसले. संपानंतर इतकी वर्षं गेली, पण सहदेवला इतका आनंद कधी झाला नव्हता.

त्याच नारळाच्या वेळी शेठ आणखी एक गोष्ट बोलून गेले होते. ही ऑर्डर नीट गेली तर दिवाळीपासून चाळणखात्यातला एक माणूस कायम करू. एकच. त्यावर सगळ्यांच्या नजरा सहदेवकडून काशीरामकडे आणि काशीरामकडून सहदेवकडे फिरल्या होत्या, आणि दोघांनीही प्रसादाच्या खोबऱ्यात लक्ष घातलं होतं.

सहदेवने पिपातून मूठभर माल काढला आणि मशीनच्या आडोशाला नेला. सगळ्यात बारीक चाळणीतून तो सोडून बघितला. सगळा खाली पडला. रांगोळी त्याने मुद्दाम वस्त्रगाळ केली होती, ती कशाला अडते? चुंबकावरून सोडला, चुंबकानेही ढुंकून पाहिलं नाही. दगडाला आणि चुंबकाला काय देणंघेणं? शेवटी चिमूटभर भुकटी त्याने पाण्याच्या ग्लासात टाकली. भुकटी तळाला बसली आणि वरचं पाणी हळूहळू पिवळसर होत गेलं. आपल्याच हाताने कालवलेला तो रंग ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

तेवढ्यात प्रेसवरून हाक आली, पीप पाठवा. चुंबक साफ करतोय, थोडं थांबा, असं सहदेव ओरडून म्हणाला. काशीराम जवळ येऊन उभा राहिला होता. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला आवाजावरून कळलं होतं.

सहदेवने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता काशीराम खाली बसला, फरशीवर हात फिरवत पांढऱ्या किनारीपर्यंत आला, आणि त्याने तिथली चिमूट बोटांत चोळून पाहिली.

“मला माल वाटला रे,” तो म्हणाला. “तू साहेबाला सांगणार?”

“सांगू नको तर काय करू? जाऊ दे माल प्रेसला?”

“डोळ्यांचं कळलं तर मला कोण ठेवील, सहदेव? इथंच नाही, कुठंच कोण ठेवणार नाही.”

सहदेवला असा संताप आला की ग्लास भिंतीवर आपटावासा वाटला. या माणसाने डोळे लपवले, मालाची वाट लावली, आणि आता भीक मागतोय ती माझ्याच ताटातली. माझ्या घरी काय झाड हलवलं की भात पडतो? त्याची बायको प्रेमा रोज पहाटे भांडुपला लोकांच्या पोळ्या लाटायला जात होती. दिवाळीपासून तू घरी बस, असं तिला सांगायचं त्याने परवाच मनाशी ठरवलं होतं. आणि यात खोटं काहीच बोलायचं नव्हतं. काशीरामने झाडलं, काशीरामने पिपात घातलं. नुसतं खरं बोललं तरी जागा सहदेवची होती. इतक्या स्वस्तात मिळणारं खरं माणसाच्या वाट्याला आयुष्यात किती वेळा येतं?

आणखी एक वाट होती, ती सगळ्यांत सोपी. गप्प बसायचं. पीप प्रेसवर ढकलायचं. एवढ्या मोठ्या पिपात दोन-चार मुठी रांगोळी. एखादा बुश बिघडेल, एखादा ट्रक कसाऱ्याच्या चढावर बंद पडेल, तोवर कायमचा कागद हातात पडलेला असेल. त्याने हा विचार केला, आणि चांगला घटकाभर केला. पुन्हा हाक आली, पीप कुठं अडलं? या वेळी प्रेसवाला हातगाडी घेऊन स्वतःच आला आणि त्याने पिपाला हात घातला.

“राहू दे,” सहदेव म्हणाला. “ते पीप जाणार नाही.”

प्रेसवाला वैतागून साटमांना घेऊन आला. साटम आले ते घाईत, दोन्ही बाह्या वर सरसावून. दुपारच्या आत साचे भरायचे होते. काय भानगड आहे, त्यांनी विचारलं. सहदेवने ग्लास पुढे केला. साटमांनी तो उजेडाला धरला, वास घेतला, आणि त्यांची नजर आपोआप फरशीवर गेली. पांढऱ्या चौकटीतला मोकळा भाग त्यांनी पाहिला. ते दारापाशी गेले, पूजेतलं लिंबू उचलून आणलं, आणि पिपातली भुकटी तळहातावर घेऊन तिच्यावर पिळलं. भुकटीवर बारीक बारीक बुडबुडे आले. संगमरवराच्या पुडीची रांगोळी लिंबाला अशीच फसफसते.

“कुणी घातली ही पिपात?” साटमांनी विचारलं.

कुंचा काशीरामच्या हातात होता.  तो साटमांकडे बघत होता असं त्याला वाटत असावं. प्रत्यक्षात साटम जरा उजवीकडे सरकले होते आणि काशीराम त्यांच्या मागच्या खांबाकडे अजिजीने बघत होता. सहदेवने ते पाहिलं. मघापासून छातीत भरलेला राग एकदम उतरला, आणि मागे जे राहिलं ते त्याला रागापेक्षाही जड झालं.

“मी घातली,” सहदेव म्हणाला. “सकाळी आल्याबरोबर झाडलं. माल समजून चाळला न् पिपात टाकला.”

“सहदेव, तुम्ही काढलेली रांगोळी,” साटम म्हणाले, “तुम्हालाच ओळखता आली नाही?”

 काशीरामला बोलायचं असतं तर ती वेळ होती. सहदेवने तेवढी वेळ त्याच्यासाठी मोकळी सोडली. अगदी मनापासून सोडली. बोल रे बाबा, असं तो मनातल्या मनात म्हणालासुद्धा. काशीरामने कुंचा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मान खाली घातली.

“नाही आली,” सहदेव म्हणाला.

साटम त्याच्याकडे बघत राहिले, मग काशीरामच्या हातातल्या कुंच्याकडे. काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं असावं, पण शेठला एक नाव सांगावं लागणार होतं आणि ते त्यांना आयतं मिळालं होतं. पीप बाजूला घ्या, म्हणाले. माल टाकायचा नाही, धुवायचा.

पुढचा सगळा दिवस धुण्यात गेला. भुकटी घमेल्यांत काढायची, पाणी ओतून ढवळायची. ब्राँझ जड, ते खाली बसतं. रांगोळी हलकी, ती पाण्यात तरंगत राहते. तेवढ्यात वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. पहिलं पाणी पिवळं निघालं, मग तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं, मग आणखी फिकट. तरीही जी राहिली असेल तिच्यासाठी साटमांनी पातळ केलेलं ॲसिड घातलं, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघितली, पुन्हा पाण्यावर पाणी. ओल्या भुकटीवर काळपट छटा येते, म्हणून ती वाळवून गॅसच्या भट्टीतून काढायची. सहदेव आणि काशीराम समोरासमोर बसून घमेली ढवळत होते. दोघांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. प्रत्येक घमेल्याला साटम येऊन लिंबू पिळत, आणि सहदेव बुडबुडे येतात का ते बघत बसे. तिसऱ्या घमेल्यात पुन्हा फेस आला तेव्हा त्याला वाटलं, आता काही हा माल सुधारत नाही. पुन्हा धुतला.  घमेलं जड झालं की काशीराम ते सहदेवच्या हातातून काढून घ्यायचा आणि स्वतः उचलायचा.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा भट्टीतून पहिला ट्रे बाहेर आला. भुकटी पुन्हा ब्राँझसारखी उजळली होती. साटमांनी चिमूट घेऊन लिंबू पिळलं. लिंबाचा रस नुसताच ओघळून गेला. माल वाचला होता, दोन दिवस उशिरा का होईना, जाणार होता. सहदेवला हसू आलं, आणि लगेच शेठच्या केबिनमधून बोलावणं आलं.

शेठ फार बोलले नाहीत. रांगोळी फस्ट क्लास होती, म्हणाले, पण गिऱ्हाईकाला काय रांगोळी द्यायची आहे काय? आत काढू नको सांगितलं तरी काढली, वर पिपात घातली. उद्यापासून येऊ नको. साटम बाजूला उभे होते. ते म्हणाले, माणूस चांगला आहे, माल त्यानेच अडवला. लपवलं असतं तर लपलं असतं. शेठ म्हणाले, म्हणून तर पोलिसात नाही दिला. एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

सहदेव डबा घ्यायला चाळणीपाशी आला. खांद्यावरचा टॉवेल घेतला, चपला घातल्या. राहिलेली पांढरी किनार पाणी मारून धुवा, असा हुकूम सुटला होता, आणि बादली भरून ठेवलेली होती. पण काशीरामने बादलीला हात लावला नव्हता. तो फरशीवर जवळजवळ नाक टेकवून बसला होता आणि बोटांनी चाचपत, कुंच्याने हळूहळू, पांढरी-लाल सगळी रांगोळी वर्तमानपत्राच्या कागदावर गोळा करत होता. झाल्यावर त्याने कागदाची पुडी बांधली आणि उठून उभा राहिला.

“पूजेची आहे,” तो म्हणाला. “पायाखाली जायला नको. घरी ने.”

सहदेवने हात पुढे केला. पुडी देताना काशीरामने त्याचा तो हात धरला, आणि सोडायला जरा उशीर लावला. तो वयाने मोठा होता. पण एकाएकी तो वाकला आणि सहदेव मागे सरण्याआधी काशीरामचा हात त्याच्या पायाला लागलाही. असं काय करतोस दादा, एवढं सहदेवला बोलता आलं असतं. पण पुडी डब्याच्या पिशवीत टाकून तो बाहेर पडला.

दिवाळीच्या तोंडावरच काशीराम कायम झाला, असं सहदेवला प्रेसवाल्याकडून कळलं. पहिल्या पगाराची वाट न बघता त्याने एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, हेही कळलं. सहदेव तेव्हा चेकनाक्यापाशी एका गोदामात खोकी मोजत होता. प्रेमा अजून पोळ्या लाटायला जात होती. त्या दिवशी काय झालं ते त्याने तिला सांगितलं होतं, पण अर्धंच: रांगोळीमुळे नोकरी गेली. तिने डोक्याला हात लावला होता आणि आठवडाभर रांगोळीच्या डब्याकडे रागाने बघितलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र उंबऱ्यापुढे काही काढायला हवं, म्हणून तिने डबा उघडला. डब्यात पांढरी रांगोळी फारशी नव्हती. मग डब्यातच तळाशी तिला काशीरामने बांधलेली पुडी सापडली. खोलीच्या दारात बसून तिने चिमटीने लक्ष्मीची पावलं काढली आणि शेजारी पणती ठेवली. सहदेव आत कंदिलाची दोरी बांधत होता.

“ह्येच्यात काय चमाकता वो?” तिने विचारलं.

तो खाली वाकला. लालसर झाक आलेल्या पांढऱ्या पावलांत इथे तिथे बारीक पिवळे कण होते, आणि पणतीची ज्योत हलली की ते लुकलुकत होते. रांगोळी नव्हती ती. फरशीच्या भेगेतून काशीरामच्या कुंच्याबरोबर आलेलं ब्राँझ होतं. त्याला ते दिसलं नसणार.

“माल आसा,” तो म्हणाला.

“काढून टाकूया काय?”

सहदेवने चिमटीत थोडी रांगोळी घेतली, पणतीपाशी नेऊन बघितली, आणि जिथून घेतली होती तिथे परत सोडली.

“आसांदे,” तो म्हणाला, आणि कंदील वर चढवायला उठला.